आर्ट प्रोजेक्टची थीम कशी शोधायची आणि पुढे कशी न्यायची

प्रोजेक्ट जाहीर झाला की पहिला प्रश्न असतो थीम काय घेऊ, आणि बहुतेकांच्या तोंडी तेच चार-पाच मोठे शब्द येतात, निसर्ग, वेळ, स्वातंत्र्य, ओळख, मानसिक आरोग्य. शब्द वाईट नाहीत हो, पण यातला एकही शब्द टेबलावर ठेवून बघता येत नाही, आणि समोर बघायला काही नसलं की हात आपोआप तयार चिन्हांकडे जातो. वेळ म्हटलं की घड्याळ, स्वातंत्र्य म्हटलं की पिंजरा आणि उडणारा पक्षी, मानसिक आरोग्य म्हटलं की डोकं धरून बसलेला माणूस. तपासणाऱ्याने ही चित्रं इतक्या वेळा बघितलेली असतात की तुमची मेहनत त्याच्या डोळ्यात भरतच नाही.

म्हणून मोठा शब्द घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण त्याला लगेच विचारा की बाबा तू मला रोज नेमका कुठे दिसतोस?

वेळच घेऊ. वेळ कुठे दिसते, तर वस्तू झिजतात त्यात दिसते. झालं, "वेळ"चं "झिजणं" झालं आणि आता घरात फिरून बघता येतं. साबणाची उरलेली पातळ चकती, चपलेत उमटलेली टाच आणि अंगठा, जिन्याच्या पायरीची मधेच खोलगट झालेली कड, कीबोर्डवरची पुसलेली अक्षरं (नेमकी कुठली पुसली आणि कुठली अजून कोरी करकरीत आहेत तेही बघा), धार लावून लावून अरुंद झालेली सुरी. एखादं जुनं उलथनं हातात घ्या, त्याची कड बऱ्याचदा सरळ नसते, एकाच बाजूने तिरकी झिजलेली असते, कारण वापरणारा माणूस वर्षानुवर्षं त्याच हाताने, त्याच कोनात घासत आलेला असतो. म्हणजे माणूस चित्रात नाहीये पण तो डावखुरा की उजवा हे त्या कडेवरून कळू शकतं. इथे थीम सुरू होते. आता ती एका ओळीत प्रश्न म्हणून लिहा: वस्तू झिजते तेव्हा वापरणाऱ्याचं काय मागे राहतं? प्रश्नच लिहा, विधान नको, कारण विधान लिहिलं की फक्त सिद्ध करत बसावं लागतं, प्रश्न असला की शोधत जाता येतं.

थीम पक्की करायच्या आधी एक टेस्ट नक्की करा. स्केचबुकच्या एका पानावर काडेपेटीएवढे 20 चौकोन आखा आणि त्या थीमवर 20 वेगवेगळी थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची रेखाटनं, काढा, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, बास. पहिली सहा-सात पटापट येतात आणि ती सगळ्यांना सुचतील अशीच असतात. मग अडायला होतं. त्या अडण्यानंतर जे येतं ते तुमचं असतं. आणि दहाव्यालाच पूर्ण कोरडे पडलात तर थीम एकतर फार मोठी आहे नाहीतर तुम्हाला तिच्यात खरा रस नाहीये, दोन्ही केसमध्ये आत्ताच बदला, सबमिशनच्या तोंडावर बदलण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

थीम लहान घेतली तर काम पुरेल का, ही भीती सगळ्यांना असते. जोसेफ आल्बर्स या चित्रकाराने 1950 पासून 1976 मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत एकात एक बसवलेले चौकोन रंगवले आणि शेजारच्या रंगामुळे रंग कसा बदलतो एवढंच बघत राहिला. जपानी चित्रकार होकुसाईची फुजी पर्वताच्या 36 दृश्यांची चित्रमालिका शेवटी 46 चित्रांची झाली, आणि त्यातल्या कित्येक चित्रांत पर्वत मागे कुठेतरी छोटासा आहे, पुढे लाटा आहेत, कामकरी माणसं आहेत. एक गोष्ट धरून ठेवली की बाकी सगळं बदलायला मोकळीक मिळते, अंतर, उजेड, आकार, पुढे काय मागे काय.

आता डेव्हलप करणं, आणि इथेच मार्क सगळ्यात जास्त जातात. पुष्कळ जण थीम ठरली की थेट फायनल चित्राला हात घालतात आणि मग स्केचबुक मागाहून भरतात. ते लगेच कळतं, कारण मागाहून भरलेल्या स्केचबुकात एकही चुकलेला रस्ता नसतो. आधी प्रत्यक्ष वस्तू बघून काढा, फोटो काढायचे तर स्वतः काढा, एकाच वस्तूचे सकाळच्या उजेडात, बाजूने दिवा लावून, अगदी जवळून. बाजूने उजेड टाकला की झीज, ओरखडे, खड्डे सगळं उठून दिसतं, समोरून फ्लॅश मारला की सपाट होतं. नेटवरून उचललेल्या फोटोत ही निवड दुसऱ्याने केलेली असते आणि तुमच्या हाती फक्त नक्कल राहते.

मग मीडियम. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण इथे थीम आणि हाताचं काम एकमेकांत मिसळू शकतं. झिजण्यावर काम करताय ना, मग कागदच झिजवा की! चारकोलने काढा, खोडा, परत त्याच जागी काढा, परत खोडा, थोड्या वेळाने कागदाचे धागे वर येतात आणि खोडलेल्याच्या सावल्या मागे उरतात. वस्तूवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून रबिंग घ्या. मॅक्स अर्न्स्ट या चित्रकाराने 1925 मध्ये हेच तंत्र धरलं, घासून घासून रेषा खोल झालेली लाकडी जमीन त्याच्या नजरेत भरली आणि त्याने तिच्यावर कागद ठेवून रबिंग घेतले. प्रिंटची सोय असेल तर ड्रायपॉइंट करून बघा, म्हणजे धातूच्या प्लेटवर टोकदार सुईने ओरखडून, शाई भरून तिचे प्रिंट काढायचे, त्यात प्लेटवर ओरखडताना रेषेच्या कडेला धातूची जी बारीक कंगोरी उठते ती प्रेसच्या दाबाने दर प्रिंटला थोडी थोडी दबत जाते आणि मऊ काळी रेषा हळूहळू फिकी पडते. म्हणजे एकाच प्लेटचे सगळे प्रिंट क्रमाने लावले की झिजणं समोरच घडताना दिसतं, वेगळं चिन्ह शोधायची गरजच नाही.

प्रत्येक प्रयोगाच्या शेजारी दोन ओळी लिहा, काय झालं आणि आता पुढे काय करणार. "छान आलं", "आवडलं" असलं लिहू नका, त्याने काहीच कळत नाही. "खोडलेली जागा काढलेल्या जागेपेक्षा बोलकी वाटतेय, पुढच्यात वस्तू अर्धीच काढेन" हे कामाचं. कलाकारांचा अभ्यास पण असाच लिहा. जन्म मृत्यू शिक्षण पुरस्कार कॉपी करून पान भरू नका, त्यांच्या एका कामातली एक गोष्ट घ्या आणि तुमच्या पुढच्या स्केचमध्ये वापरून दाखवा.

आणि काढून टाकायला शिका, हे फार महत्त्वाचं आहे. जर्मन कलाकार केथे कोलवित्झचा मुलगा पीटर 1914 मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. तिने त्याच्यासाठी स्मारक करायला घेतलं तेव्हाच्या सुरुवातीच्या आराखड्यात मुलाचा देह होता आणि आईवडील त्याच्याजवळ. 1932 मध्ये शिल्प पूर्ण झालं त्यात मुलगा नाहीच, फक्त गुडघे टेकलेले आईवडील, दोघं वेगवेगळे. इतकी वर्षं तुमच्याकडे नसतात हे मान्य, पण फायनलच्या आधी एक काम जरूर करा, तुमच्या रचनेतला जो भाग थीम "समजावून सांगतोय" तो अंगठ्याने झाकून बघा. झाकल्यावरही अर्थ पोचत असेल तर तो भाग काढा.

फायनल काय करायचं ते सगळे प्रयोग जमिनीवर पसरून, उभं राहून, लांबून बघून ठरवा, जमलं तर दुसऱ्या कुणाला काही न सांगता दाखवा आणि तो कशापाशी थांबतो तेवढं बघा. कधी कधी एक मोठं चित्र करण्यापेक्षा आठ छोटे प्रिंट एका ओळीत लावणं जास्त खरं असतं, तसं असेल तर सरांना, मॅडमना आधीच विचारून घ्या की मालिका चालेल का. सोबतची टिपण्णी सगळ्यात शेवटी लिहा, चार-पाच वाक्यं पुरे, प्रश्न काय होता, काय बघितलं, मीडियम हेच का. मोठा शब्द तिथे एकदा आला तरी चालेल.