एका पोराला दोन पानं: वयोगटातला खेळाडू वर्षानुवर्षं कसा पाहावा

अंबाजोगाईत माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. रब्बीची पेरणी उरकली की गिऱ्हाईक विरळ होतं, आणि नेमका तेव्हाच पोरांच्या क्रिकेटचा हंगाम भरात येतो. गल्ल्याशेजारी दोनशे पानी वही ठेवलेली असते. त्यात मराठवाड्यातल्या खेळाडूंची नावं आहेत, एका पोराला दोन पानं. आपल्या भागातला एखादा खेळाडू लहानपणापासून रणजीपर्यंत नजरेत ठेवायची ज्यांना हौस आहे, त्यांच्यासाठी ही वही कशी लिहायची ते सांगतो.

आधी पायऱ्या पाठ करा. १६ वर्षांखाली विजय मर्चंट करंडक, सामने तीन दिवसांचे. १९ खाली दोन स्पर्धा: एक दिवसाची विनू मंकड आणि चार दिवसांची कूचबिहार. मग २३ खाली सी. के. नायडू, आणि त्याच्यावर रणजी. मराठवाड्यातले जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतात. त्यामुळे बीड-जालना-परभणीचं पोरगं आधी जिल्ह्याच्या संघातून निमंत्रितांच्या साखळी स्पर्धेत पुण्याच्या क्लबांसमोर उभं राहतं. पान तिथूनच उघडावं. राज्याच्या संघात आल्यावर उघडलं तर निम्मी गोष्ट हातची गेलेली असते.

राज्य संघांचे धावफलक बीसीसीआयच्या संकेतस्थळावर, देशांतर्गत क्रिकेटच्या विभागात मिळतात. जिल्ह्याचे आणि क्लबचे बरेच सामने क्रिकहिरोज अ‍ॅपवर सापडतात. नावं जपून जुळवा. एकच पोरगा एका फलकावर आडनावाने, दुसऱ्यावर नुसत्या आद्याक्षरांनी येतो. म्हणून पानाच्या माथ्यावर पूर्ण नाव, जन्मवर्ष, जिल्हा आणि तो डावखुरा की उजवा, एवढं लिहून ठेवा.

आता मुख्य काम. सुरुवातीला मी फक्त धावा लिहायचो, आणि दोन वर्षांनी पान वाचलं तर काहीच उमगेना. आता धावांच्या आधी चार गोष्टी लिहितो: कितव्या क्रमांकावर आला, तेव्हा संघाची अवस्था काय होती, किती चेंडू खेळला, कसा बाद झाला. बीडच्या सचिन धसचं पान बघा. ६ फेब्रुवारी २०२४, बेनोनी, १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर दक्षिण आफ्रिका, लक्ष्य २४५. सचिन सहाव्या क्रमांकावर आला तेव्हा फलकावर ४ बाद ३२. त्याने ९५ चेंडूंत ९६ केल्या आणि उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी रचली. माझ्या वहीत ‘४ बाद ३२’ला दोनदा अधोरेखित केलंय. शतक हुकलं याची हळहळ सगळ्यांना झाली, पण मला तो डाव कित्येक शतकांहून मोठा वाटतो.

गोलंदाजाचं पान जरा वेगळं. बळी किती यापेक्षा ते कोणाचे, पहिल्या चार फलंदाजांचे की शेपटाचे, हे लिहा. आणि चार दिवसांच्या सामन्यात दुसऱ्या डावात त्याच्याकडे किती षटकं दिली तेही. कर्णधाराचा भरवसा तिथं दिसतो.

आमच्याकडचं एक खास दुखणं आहे, आणि ते समजल्याशिवाय मराठवाड्याच्या पोराचे आकडे वाचताच येत नाहीत. बरीच लेकरं मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर शिकतात. मॅटिंगवर उसळी बऱ्यापैकी एकसारखी मिळते, पोरगं मागच्या पायावर छान रुळतं. मग टर्फवर, म्हणजे माती-गवताच्या खेळपट्टीवर, सकाळच्या दवात, तोच टप्प्याचा चेंडू आत वळून खाली राहतो. म्हणून टर्फवरचे पहिले दहा डाव मी हिरव्या शाईने लिहितो आणि त्यांवरून मत बनवत नाही. परळीकडचा एक डावखुरा आहे, नाव सांगत नाही. हिरव्या शाईतल्या त्याच्या पहिल्या सहा डावांपैकी पाचांपुढे ‘पायचीत’ आहे. गावात लोक म्हणाले, संपलं पोरगं. दुसऱ्या हंगामात पायचीत दोनदा. तिसऱ्यात एकदाही नाही, आणि खेळलेल्या चेंडूंचा आकडा डावागणिक वाढता. त्याची सरासरी मात्र तिन्ही वर्षं जवळपास तीच होती! नुसती सरासरी बघणाऱ्याला त्या लेकराची मेहनत दिसलीच नसती.

वयाचा रकाना हवाच. १७ वर्षांच्या पोराने २३ खालच्या संघात काढलेल्या ३५ धावा मी त्याच्या वयोगटातल्या मोठ्या खेळीहून वरच्या मानतो. १६ खालच्या गटात मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासतात, कारण त्या वयात कोणाची वाढ आधी झालेली असते, कोणाची नंतर. थोराड पोरगा तेव्हा सगळ्यांना भारी पडतो. तो १९ खाली आल्यावर, बाकीचे उंचीला त्याच्या बरोबरीला आले की मगच त्याच्याबद्दल बोला.

वरची पायरी उशिरा लागली किंवा लागलीच नाही, तरी पान फाडू नका. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये कूचबिहारमध्ये आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या, २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. पैठणच्या अंकित बावणेने वर्षानुवर्षं महाराष्ट्रासाठी रणजीत धावा केल्या, कर्णधारपद सांभाळलं. दोघांनाही भारताच्या मुख्य संघाची टोपी मिळाली नाही. तरी माझ्या वहीत बावणेची पानं सगळ्यांत जास्त भरलेली आहेत, आणि ती वाचताना मला आजही अभिमान वाटतो.

सामना बघायला गेलात तर साइटस्क्रीनच्या (गोलंदाजामागच्या मोठ्या पडद्याच्या) अंगाला, गोलंदाजाच्या हाताच्या सरळ रेषेत बसा. चेंडू आत येतो की बाहेर जातो ते तिथूनच कळतं. पोराला फोन करू नका, बाद झाल्यावर गाठून विचारू नका, त्याचा फलक गावाच्या ग्रुपवर टाकू नका. सोळा-सतरा वर्षांचं लेकरू आहे ते.

परळीचा डावखुरा आता २३ खालच्या निवड चाचणीला पुण्याला गेलाय. त्याची दोन पानं भरली, म्हणून काल रात्री तिसरं आखलं. बाद होण्याचा रकाना रुंद ठेवलाय.