ब्रह्मदेशाचं १९५६ साल भिंतीवर कसं मांडायचं

उत्तर नागपुरातल्या आमच्या अभ्यासिकेत पावसाळा लागला की एखाद्या देशाचं एक वर्ष निवडतो आणि दसऱ्याच्या आत त्याचा वर्षपट भिंतीवर चढवतो. दुसऱ्या वस्त्यांतल्या अभ्यासिकांची मंडळी येतात, पट पाहतात आणि विचारतात, "ताई, हे करायचं कसं?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरण घेते ते मला सर्वांत जवळच्या पटाचं, ब्रह्मदेश १९५६.

वर्ष असं निवडा की वस्तीचं त्याच्याशी काही नातं असेल. १९५६ म्हटलं की नागपुरात वेगळं काही सांगावं लागत नाही. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना ज्यांनी त्रिशरण-पंचशील दिलं, ते कुशीनाऱ्याचे भदंत चंद्रमणी महास्थवीर जन्मानं अराकानचे, म्हणजे ब्रह्मदेशचे. त्याच्या दोन वर्षं आधी, डिसेंबर १९५४ मध्ये, बाबासाहेब स्वतः रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. आमच्याकडच्या बऱ्याच पोट्ट्यांना एवढं घरूनच ठाऊक असतं. पण तेवढ्यावर थांबू नका. त्या साली तिथल्या लोकांनी मतदान केलं, त्यांचा पंतप्रधान बदलला, भूकंपानं पॅगोडे पाडले, सीमेवर परक्या सैन्याची बातमी आली. हे सगळं सोडून ब्रह्मदेशाला आपण दीक्षेच्या गोष्टीतलं एक पान केलं, तर ज्या देशाचे आपण ऋणी आहोत त्याला आपण ओळखतच नाही असं होईल. म्हणून पट त्यांच्या वर्षाचा. नागपूरला खालच्या कडेची एक अरुंद पट्टी पुरे.

सामान साधंच लागतं: पांढरे कार्डशीट, जाड सुतळी, कपड्यांचे लाकडी चिमटे, पेन्सिल आणि तीन रंगांचे मार्कर. इतवारीत हे घाऊक भावात मिळतं. कार्डशीट एकाला एक चिकटवून बारा खाने आखा, एकेका महिन्याला एकेक. डावीकडे आणि उजवीकडे मात्र हातभर कोरी जागा सोडायचीच. कारण कुठल्याच देशाचा कारभार १ जानेवारीला सुरू होऊन ३१ डिसेंबरला संपत नाही, आणि ते पटावर नजरेनंच कळलं पाहिजे.

पहिलं काम पंचांगाचं. बारा खान्यांच्या वर एक बारीक रेघ ओढा आणि तिच्यावर त्या देशाची कालगणना लिहा. ब्रह्मी नववर्ष एप्रिलच्या मध्याला, तिंजानच्या पाणी उडवण्याच्या सणानं लागतं. म्हणजे १९५६ चे सुरुवातीचे साडेतीन महिने त्यांच्या १३१७ सालात आणि उरलेले १३१८ मध्ये. बुद्धाब्दाचा घोळ तर याहून मोठा. भारतात आणि ब्रह्मदेशात महापरिनिर्वाणाची २५०० वर्षं २४ मे १९५६ च्या वैशाख पौर्णिमेला पूर्ण झाली असं मानलं, थायलंडनं तोच सोहळा १९५७ मध्ये केला, कारण त्यांची मोजणी एक वर्षानं मागे आहे. दोन पुस्तकांत दोन सालं दिसली की पोरं एक खोडून टाकतात. खोडू देऊ नका. कोणत्या देशाची मोजणी आहे ते विचारायला शिकवा.

आता चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच घटना, आधी पेन्सिलनं: कधी, कुठे, कोणी, काय केलं, आणि त्यानं पुढे काय बदललं. शेवटचा प्रश्न सुटला नाही तर ती चिठ्ठी अजून भिंतीवर जायच्या लायकीची नाही. तारीख दोन वेगळ्या ठिकाणी जुळली तरच लिहायची, नाहीतर फक्त महिना. जुन्या पुस्तकांत शोधताना रंगून, आक्याब, अराकान हीच नावं बघा. यांगून आणि म्यानमार ही १९८९ नंतरच्या पुस्तकांत सापडतील.

सर्वांत जास्त वेळ छठ्या संगायनावर द्या. संगायन किंवा संगीती म्हणजे भिक्खूंनी एकत्र जमून त्रिपिटकाचा पाठ म्हणायची आणि तपासायची सभा, आणि हे एका दिवसाचं काम नव्हतंच. १७ मे १९५४ ला, वैशाख पौर्णिमेला, ते रंगूनजवळ कबा एये इथे सुरू झालं आणि २४ मे १९५६ च्या वैशाख पौर्णिमेला संपलं. त्यासाठी महापासाण गुहा नावाची भली मोठी कृत्रिम गुहा बांधली होती, राजगृहाच्या ज्या सप्तपर्णी गुहेत पहिली संगीती झाली तिच्या आठवणीत. थेरवादी देशांतले २,५०० भिक्खू तिथे जमले. महासी सयाडो (सयाडो म्हणजे ज्येष्ठ ब्रह्मी भिक्खू) प्रश्न विचारायचे आणि मिंगुन सयाडो, ज्यांना संपूर्ण त्रिपिटक मुखोद्गत होतं, ते उत्तर द्यायचे. वेगवेगळ्या देशांतल्या प्रती ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला, तो छापला. याआधीचं पाचवं संगायन राजा मिंडोननं १८७१ मध्ये मंडालेत भरवलं होतं आणि त्याच्याच काळात त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरलं गेलं. त्या शिला आजही कुथोडॉ पॅगोड्यात उभ्या आहेत. म्हणून या घटनेची चिठ्ठी करू नका, लांब पट्टी करा. ती डाव्या कोऱ्या जागेतून, १९५४ मधून निघेल आणि मेच्या खान्यात थांबेल. डाव्या टोकाला मंडालेची लहान चिठ्ठी. आमच्याकडे ही पट्टी निळी होती. ती सुरू असतानाच्या काळात, डिसेंबर १९५४ ला, बाबासाहेबांच्या रंगूनभेटीची खूण करा. ती खूण पाहिल्यावर मुलं आपणहून विचारतात की त्यांनी तिथे काय पाहिलं असेल. शिकवणाऱ्याला याहून काय हवं?

निवडणुकीची चिठ्ठी एप्रिलच्या खान्यात, तारीख २७. फॅसिस्टविरोधी आघाडी, म्हणजे सत्तेवरचाच पक्ष, पुन्हा जिंकली, पण विरोधकांना अपेक्षेपेक्षा बरीच जास्त मतं पडली. या दोन्ही गोष्टी एकाच चिठ्ठीवर याव्यात, कारण पुढचं सगळं दुसऱ्या वाक्यातून निघतं. पंतप्रधान ऊ नू यांना दिसलं की पक्ष आतून पोखरला जातोय. जूनमध्ये ते पदावरून बाजूला झाले, पक्ष साफ करायचा म्हणून, आणि बा स्वे पंतप्रधान झाले. विजयी पक्षाचा नेता स्वतः खुर्ची सोडतो, हे आमच्या मुलांना खरंच वाटेना. मग एप्रिलपासून जूनपर्यंत सुतळी बांधली आणि तिच्यावर लिहिलं: कारण. ती सुतळी पुढे उजव्या कोऱ्या जागेत न्यायची: १९५७ च्या सुरुवातीला ऊ नू परत पंतप्रधान, १९५८ मध्ये पक्षाची फूट, त्याच वर्षी जनरल ने विन यांचं काळजीवाहू सरकार, आणि २ मार्च १९६२ ला लष्करी उठाव. १९५६ च्या पटावर १९६२ कशाला, असं कोणी म्हणेल. मी म्हणते, हवंच. त्या उन्हाळ्यातली फट न दाखवता उठाव सांगितला तर तो आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

सगाईंगचा भूकंप १६ जुलैचा. माणसं दगावली, पॅगोड्यांची पडझड झाली. छोटी चिठ्ठी, पण नकाशासकट लावा. इरावतीच्या एका काठी सगाईंग, पलीकडच्या काठाला मंडाले, हे एकदा डोळ्यांत बसलं की त्या भागातल्या पुढच्या भूकंपांच्या बातम्याही मुलांना समजतात.

जुलैअखेरीस रंगूनच्या 'नेशन' या इंग्रजी दैनिकानं चीनच्या सीमेवरच्या वा प्रदेशात चिनी सैनिक असल्याची बातमी छापली. काचिन भागातल्या तीन गावांचा चीनशी वादही जुनाच होता. सरकारला आता बोलावंच लागलं. पंतप्रधान नसलेले ऊ नू शरद ऋतूत पेकिंगला बोलणी करायला गेले, डिसेंबरमध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन लाय ब्रह्मदेशात आले, आणि तह झाला तो थेट १९६० मध्ये. या सीमावादाची पट्टी लाल करा, ती उजवीकडून बाहेर पडते. शेजाऱ्याच्या सीमेचा प्रश्न आपल्याला परका नाही. पण इथे भारताच्या गोष्टी मिसळू नका, त्यांचा वेगळा पट करा.

तांदळाला तारीख नाही. कोरियन युद्धाच्या तेजीनंतर भाव उतरले आणि ज्या देशाची परकी कमाई मुख्यतः तांदळावर, त्याचे हिशेब कोलमडले. साठलेला तांदूळ देऊन बदल्यात माल घ्यायचे करार सोव्हिएत रशिया, चीन अशा देशांशी करावे लागले. अशा गोष्टीसाठी बाराही खान्यांच्या तळाशी एक फिकट पिवळा पट्टा रंगवा. मतपेटीत विरोधकांची मतं का वाढली याचा एक धागा तिथून वर जातो, तोही दाखवा. बहुतेक पट याच ठिकाणी कमी पडतात, कारण चालू राहिलेल्या गोष्टी तारखांच्या यादीत येत नाहीत.

मग नागपूरची पट्टी. १४ ऑक्टोबर दीक्षा. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना, नागपूरचं मध्य प्रदेशाच्या राजधानीचं स्थान गेलं आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. त्याच नोव्हेंबरात काठमांडूची बौद्ध परिषद, बाबासाहेब तिथे होते. ६ डिसेंबर दिल्ली, महापरिनिर्वाण. चंद्रमणींची चिठ्ठी या पट्टीवर लावायची, आणि तिच्यापासून सुतळी वर, अराकानच्या नकाशापर्यंत.

चढवण्याआधी एक परीक्षा घ्या. चिठ्ठ्या लिहिण्यात ज्याचा हात नव्हता अशा सातवी-आठवीच्या मुलाला पटापुढे उभं करा आणि त्याला वर्ष सांगू द्या. तो जिथे "आणि मग, आणि मग" करत नुसत्या तारखा वाचतो, तिथे सुतळी राहून गेलेली असते. तिथेच थांबा, कारण शोधा, चिठ्ठी नव्यानं लिहा. मार्कर त्यानंतरच हातात घ्यायचा.