मान सुटली, मग डोकंही

बेळगावच्या वडगावात यंत्रमागावर पाळीभर उभं राहायचं. उजवा खांदा वर चढलेला, मान आखडलेली, आणि रात्री अंथरुणावर पडलं तरी कानात मागाचा खडखडाट. गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बरं.

उपाय सापडला तो घरातल्या लाकडी खुर्चीत. सतरंजीवर उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर टेकवायच्या, गुडघ्यात काटकोन. कंबर आपोआप जमिनीला लागते. ओढाताण काही नाही. डोक्याखाली दुमडलेला टॉवेल, हनुवटी किंचित छातीकडे. मग चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, नाकानेच. बाहेरचा श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. हे शरीरशास्त्र आहे, चमत्कार नव्हे. आधी सुटला तो जबडा. दिवसभर मी दात आवळून असतो, हे तेव्हा कळलं!

ध्यान म्हणजे विचार बंद, असं कुणी सांगितलं की मला हसू येतं. खडखडाट येतोच. त्याच्याशी भांडायचं नाही, नाकपुडीला लागणाऱ्या गार हवेकडे परत यायचं, बस्स.

खुर्ची, दोरी यांच्या आधाराने आसनं करायची पद्धत योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी रुजवली. १९३७ मध्ये ते पुण्याला शिकवायला गेले, त्यामागे बेळगावात सिव्हिल सर्जन असलेले डॉ. गोखले होते. आमच्याकडे हे फार कुणाला ठाऊक नाही.

आता पाळी सुटली की आधी खुर्ची, मग चहा. चिडचिड कमी झाली, असं बायको म्हणते. खांदा पावसाळ्यात अजून कुरकुरतो. हाताला मुंग्या येत असतील तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.