मॉडेल जहाजाच्या डेकवरची काळी रेघ

खऱ्या लाकडी जहाजात डेकच्या फळ्यांमधल्या फटीत धागे ठोकून वर डांबर ओततात. ही फट साधारण १ सेंटिमीटरची, म्हणजे १:४८ मापात जेमतेम ०.२ मिलिमीटर. म्हणून मॉडेलवर ही फट काळ्या रेघेने दाखवताना मार्कर वापरूच नका. शाई लाकडाच्या रेषांमधून पसरते आणि पॉलिश लावताच डाग आणखी फुटतो. डेकच्या प्रत्येक लाकडी पट्टीच्या फक्त एकाच कडेवर २बी पेन्सिल आडवी धरून फिरवा, मग चिकटवा. दोन्ही कडा रंगवल्या तर रेघ जाड दिसते.

डेक सपाट करताना पॉलिश पेपर नको, पेन्सिलची काळी भुकटी लाकडात घासली जाते. ब्लेड उभं धरून हलक्या हाताने खरवडा.

लाकडाचं म्हणाल तर नाशिकमध्ये सुतारांकडे सागाचे तुकडे सहज मिळतात, पण सागाची छिद्रं एवढ्या लहान मापात फार मोठी दिसतात. हळदू मिळाला तर तोच घ्या, त्याचा पोत बारीक आणि एकसारखा असतो.

शेवटी चपड्याचं (लाखेचं) पातळ पॉलिश. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते पांढरट पडतं, तेव्हा हात आवरा आणि कोरडा दिवस येईपर्यंत थांबा.