पेट्रोलमधलं इथेनॉल: पंपावरच्या आणि पंपानंतरच्या या चुका टाळा

छोटी इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा, हल्ली प्रत्येक बिघाडाचं खापर इथेनॉलवर फुटतं. त्यातलं निम्मं खरं असतं. उरलेलं निम्मं आपल्याच सवयींमुळे होतं आणि ते टाळता येतं.

आधी परिस्थिती समजून घ्या. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायच्या सुरुवातीच्या चाचण्या २००१ मध्ये झाल्या, त्यातल्या दोन तर आपल्या मिरज आणि मनमाडला. फेब्रुवारी २०२३ पासून ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल यायला लागलं आणि आज साध्या नोझलमधून बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय द्या, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. त्यामुळे तुमच्यासमोर साधं पेट्रोल आहे, नाहीतर मोठ्या शहरांत कुठे कुठे मिळणारं, बहुतेकदा बिनइथेनॉलचं असणारं महागडं १०० ऑक्टेनचं. (ऑक्टेन म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता.)

‘प्रीमियम’ म्हणजे बिनइथेनॉलचं, हा समज

९५ ऑक्टेनवालं प्रीमियम भरून लोक निश्चिंत होतात. त्यातही इथेनॉल असतं. १०० ऑक्टेनचं भरणार असाल तर पंपावरच्या माणसाला स्पष्ट विचारा, "यात इथेनॉल आहे का?" मॅनेजरला विचारायलाही लाजू नका.

रोज पळणाऱ्या नव्या गाडीत १०० ऑक्टेन

पैसे वाया. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप आणि सील ई२० सोसतील असेच बनवलेले असतात. टाकीही आठवड्याभरात रिकामी होते. ज्या इंजिनाला १०० ऑक्टेन लागतच नाही, त्याला ते पाजून ताकद वाढत नाही.

मायलेजचा सगळा दोष इथेनॉलला देणं

फरक पडतो, हे मान्यच. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई२०साठी न बनवलेल्या दुचाकीत ३-४ टक्के आणि चारचाकीत ६-७ टक्के घट येईल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं. पण कुणी मायलेज निम्म्यावर आलं म्हणत असेल, तर आधी टायरमधली हवा आणि एअर फिल्टर बघा.

पेट्रोल साठवून ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोकणातले एक आंबा बागायतदार ग्रास कटर घेऊन आले. बेणणीचे, म्हणजे बागेतलं गवत कापायचे दिवस, गडी खोळंबलेले आणि मशिनची दोरी जागची हलेना. "सुरू झालं, पाच-दहा मिनिटं चाललं आणि एकदम जाम झालं," म्हणाले. सिलिंडर काढला तर पिस्टनवर उभे ओरखडे, अगदी कानशीने घासल्यासारखे. तेल न मिळाल्याची ही खूण. "टूटी ऑइल टाकलं होतं ना?" विचारलं. (या इंजिनांना वंगण मिळावं म्हणून पेट्रोलमध्येच मिसळायचं ते ऑइल.) "टाकलं होतं हो, मागच्या वर्षीच मिसळून ठेवलंय."

तो कॅन मागवला आणि त्यातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं. थोडा वेळ स्थिर ठेवल्यावर दोन थर दिसले. वर ऑइलच्या रंगाचं पेट्रोल, खाली पाण्यासारखा रंगहीन थर. कॅन मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या पडवीत, झाकण अर्धवट, पूर्ण पावसाळा तसाच पडलेला. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी ते मुरवून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. ग्रास कटरच्या टाकीत नळीच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो, तो तळाशीच लोळतो. म्हणजे इंजिनाने नेमका बिनतेलाचा थर ओढला.

सिलिंडर-पिस्टन दोन्ही बदलावे लागले. कॅनमधलं ते जुनं पेट्रोल वापरलंच नसतं तर हा खर्च आला नसता.

माझी पद्धत साधी आहे. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच मिसळायचं. कॅन घट्ट झाकणाचा आणि भरत आलेला, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि मशिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. जनरेटर आणि महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीसाठीही हेच. १०० ऑक्टेनचं बिनइथेनॉल पेट्रोल कुठे शोभत असेल तर ते अशा पडून राहणाऱ्या मशिनांत, आणि तेही जवळ मिळत असेल तरच.

पाणी टाकून इथेनॉल काढणं

व्हिडिओ बघून हा उद्योग करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पाणी टाकलं की इथेनॉल खाली जातं, हे खरं आहे. पण इथेनॉलचा ऑक्टेन साधारण १०८. ते गेलं की उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो आणि चढावर इंजिन टकटक करायला लागतं. शिवाय घरात उघड्या बादलीत पेट्रोल हाताळायचं? त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत शेजारच्या खोलीतल्या गॅसपर्यंत पोचते. लिटरमागे चार पैसे वाचवायला घर पणाला लावू नका.

जुन्या गाडीचे पाइप न बघणं

कार्बोरेटरवाल्या गाडीचा पेट्रोल पाइप बोटांनी दाबून बघा. फुगलेला, चिकट किंवा भेगाळलेला असेल तर आजच बदला आणि इथेनॉल सोसणाराच घ्या. सकाळी गाडी चोकशिवाय चालतच नसेल तर मिश्रण पातळ पडतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी जातंय, मेकॅनिककडून सेटिंग करून घ्या. चोक ओढून ऑफिस गाठणं हा उपाय नव्हे.

आणि थर पडलेलं पेट्रोल हलवून पुन्हा एकजीव होत नाही. ते नव्या पेट्रोलमध्ये मिसळून खपवू नका, गटारातही ओतू नका. झाकणबंद कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या, तो त्याची सोय लावेल.