एसएमडी एलईडी हाताने सोल्डर कसा करावा: पहिली बाजू जमली की बाकीचं जमतं

एसएमडी एलईडी, म्हणजे पाय नसलेला, पीसीबीच्या (सर्किट बोर्डच्या) पृष्ठभागावरच लावायचा चिमुकला एलईडी, पहिल्यांदा सोल्डर करायला बसणाऱ्याला तीन सल्ले हमखास मिळतात: आयर्नला सुईसारखं बारीक बिट (टोक) घे, तापमान वाढव, हात स्थिर ठेव. पहिले दोन सल्ले सरळसरळ चुकीचे आहेत. तिसरा निरुपयोगी आहे, कारण हात सगळ्यांचेच थरथरतात. मी असे शेकडो एलईडी लावले आहेत आणि नव्या माणसाची अडचण दर वेळी एकाच जागी झालेली पाहिली आहे. ती जागा म्हणजे पहिली बाजू पॅडला, म्हणजे पीसीबीवरच्या धातूच्या उघड्या तुकड्याला, चिकटवण्याचे ते दोन-तीन सेकंद. म्हणून हा लेख मुख्यतः त्या दोन-तीन सेकंदांबद्दल आहे. साधं सोल्डरिंग, म्हणजे पीसीबीच्या भोकातून पाय घालून केलेलं, तुम्हाला येतं असं मी धरून चाललो आहे.

एलईडीचा आकार

सुरुवात १२०६ किंवा ०८०५ आकारापासून करा. हे आकडे इंचाच्या शंभराव्या भागात असतात. १२०६ म्हणजे साधारण ३.२ × १.६ मिलिमीटर, तर ०८०५ म्हणजे २ × १.२५ मिलिमीटर. ०६०३ नंतर घ्या आणि ०४०२ चा विचार सध्या करूच नका. ५०५० किंवा २८३५ असं लिहिलेले पट्टीवरचे एलईडी दिसले तर गोंधळू नका. तिथे आकडे मिलिमीटरमध्ये आहेत, ५ × ५ आणि २.८ × ३.५. पोटाखाली उष्णता वाहून नेणारं पॅड असलेले मोठे एलईडी साध्या आयर्नने नीट लागत नाहीत. पहिल्या प्रयत्नाला ते घेऊ नका.

हत्यारं

तापमान ठरवता येणारं आयर्न, ०.५ मिलिमीटर जाडीची ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर वायर, सिरिंजमधला जेल फ्लक्स, टोकदार चिमटा, तांब्याची विक (जास्तीचं सोल्डर शोषून घेणारी विणलेली पट्टी), मल्टिमीटर आणि एक भिंग. चिमटा चुंबकाला न चिकटणारा घ्या, नाहीतर सोडलेला एलईडी त्याच्याबरोबर परत वर येतो. नळजोडणीसाठीचा आम्लयुक्त फ्लक्स पीसीबीवर कधीही वापरू नका, तो तांब्याचे ट्रॅक हळूहळू खातो.

बिट छिन्नीसारखं चपटं, दीड ते दोन मिलिमीटर रुंदीचं हवं. सुईसारख्या बिटाचा पॅडला नुसता बिंदूएवढा स्पर्श होतो, त्यातून उष्णता जातच नाही. मग माणूस तापमान वाढवतो, फ्लक्स जळून काळा पडतो, सोल्डर पसरत नाही, म्हणून तो तापमान आणखी वाढवतो. चपट्या बिटाला ३२० अंश सेल्सिअस पुरतात. ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं. लेड-फ्री वायर २१७ च्या पुढे वितळते, ती असेल तर ३५० पर्यंत जा, त्यापुढे नाही. एलईडीची डेटाशीट उघडून पाहा. हाताने सोल्डर करण्यासाठी बहुतेक ठिकाणी ३०० ते ३५० अंश आणि तीन सेकंदांच्या आसपासची मर्यादा दिलेली असते.

बाजू आधी ओळखा

एलईडीला धन आणि ऋण बाजू असते आणि ती सोल्डर करण्याआधी ओळखायची असते. बऱ्याच एलईडींवर ऋण बाजूला हिरवी खूण किंवा पोटावर बाण असतो. पण ही खूण सगळे कारखाने एकाच पद्धतीने करत नाहीत. म्हणून मी खुणेवर विसंबत नाही. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून प्रोब लावा. एलईडी मंद उजळला तर लाल प्रोब असलेली बाजू धन. निळा आणि पांढरा एलईडी उजळायला तीन व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि बऱ्याच मल्टिमीटरला तेवढा देता येत नाही. तो उजळला नाही म्हणून मेलेला समजू नका. ५ व्होल्टचा पुरवठा आणि १ किलोओहमचा रेझिस्टर जोडून पाहा.

एका पाकिटातला एक एलईडी तपासलात की खूण कुठल्या बाजूला आहे ते कागदावर काढून ठेवा. पीसीबीवर डायोडचं चिन्ह असेल तर आडवी रेघ ऋण बाजूची.

आता पीसीबी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि टेबलाला टेपने घट्ट चिकटवा.

पहिली बाजू

माझे सुरुवातीचे कित्येक एलईडी इथेच गेले, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिला निर्णय, दोन्हींपैकी कुठल्या पॅडने सुरुवात करायची. एखादं पॅड तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेलं असेल, सहसा ग्राउंडला, तर ते दुसऱ्या पाळीला ठेवा. तो पट्टा उष्णता ओढून घेतो आणि सोल्डर वितळायला वेळ लागतो. नेमक्या या क्षणी आपल्याला झटपट वितळणारं सोल्डर हवं असतं. दोन्ही पॅड सारखीच असतील तर ज्या हातात आयर्न त्या बाजूचं पॅड घ्या. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजवं, डावखुऱ्याने डावं. नाहीतर आयर्न आणि चिमटा एकमेकांवरून जातात.

त्या एकाच पॅडवर थोडं सोल्डर लावा. किती, हे महत्त्वाचं आहे. भांड्याला कल्हईचा थर बसतो तसा पातळ थर हवा, मध्ये जेमतेम फुगीर. बाजूने भिंगातून पाहा. गोळी दिसत असेल तर सोल्डर जास्त झालं. एलईडी त्या गोळीवर चढून बसेल आणि त्याची दुसरी बाजू हवेत राहील किंवा तो तिरका होईल. जास्तीचं सोल्डर विकने काढा आणि पुन्हा लावा. दुसरं पॅड पूर्ण कोरडं, म्हणजे सोल्डरशिवाय ठेवा. दोन्ही पॅडवर आधीच सोल्डर लावलं तर एलईडी सपाट बसायला जागाच उरत नाही. नवखी माणसं हे सारखं करतात.

आता दोन्ही पॅडवर फ्लक्सचा ठिपका द्या. वायरच्या पोटात फ्लक्स असतो, मग वेगळा कशाला, असं पुष्कळजण विचारतात. पॅडवर लावलेल्या सोल्डरमधला फ्लक्स मगाशीच जळून गेलेला आहे. त्याच्याशिवाय पुन्हा वितळवलेलं सोल्डर चिकट होतं, आयर्न उचलताच त्याचं टोक निघतं आणि ते एलईडीच्या धातूवर चढत नाही.

एलईडी चिमट्यात धरताना तो लांब बाजूंनी, खालच्या कडक पायापाशी धरा. वरच्या पारदर्शक भागावर दाब देऊ नका. काही एलईडींचं हे आवरण सिलिकॉनचं, रबरासारखं मऊ असतं आणि त्याच्या आत केसापेक्षा बारीक तार असते. आवरण दाबलं की ती तार तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही आणि नंतर तासभर तुम्ही सोल्डरमध्ये दोष शोधत बसता.

हात स्थिर ठेवण्याच्या नादी लागू नका, हात टेकवा. दोन्ही मनगटं टेबलावर आणि दोन्ही करंगळ्या पीसीबीच्या कडेला. थरथर तेव्हाही असते, पण आता हात आणि पीसीबी एकत्र हलतात.

आता मुख्य कृती. एलईडी हवेत धरून वरून वितळलेल्या सोल्डरवर उतरवू नका. तो आधी पीसीबीवर टेकवा, अगदी सपाट, कोरड्या पॅडच्या बाजूला, सोल्डर लावलेल्या पॅडपासून मिलिमीटरभर अलीकडे. मग आयर्न पॅडवरच्या सोल्डरला लावा. एलईडीला नाही, सोल्डरला. फ्लक्सचा धूर निघेल, तो खदखदेल आणि सोल्डर एकदम आरशासारखं चकाकेल. त्या क्षणी एलईडी पीसीबीवरूनच आडवा सरकवत त्या चकाकीत न्या. त्याचं टोक सोल्डरमध्ये बुडताना दिसतं आणि सोल्डर त्याच्या धातूवर किंचित वर चढतं. ते चढलेलं दिसलं की आयर्न काढा.

आणि इथेच, चिमटा सोडू नका.

आयर्न आधी जातं, चिमटा नंतर. मनात दोन अंक मोजा, मग चिमटा उघडा. मी पहिल्यांदा उलट करत होतो. एलईडी बसला असं वाटलं की चिमटा सैल सोडायचो, आणि आयर्न उचललं की एलईडी त्याच्याबरोबर उचलला जायचा. कधी तो बिटाला चिकटून तिथेच भाजायचा, कधी पॅडवर उभा राहायचा. कारण साधं आहे. वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण पॅड आणि बिट दोघांनाही धरून असतो, आणि इतक्या हलक्या वस्तूला बिटाकडची ओढ पुरते. सोल्डर गोठेपर्यंत एलईडीला धरून ठेवणारं काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे तुमचा चिमटा. एवढं एक पथ्य पाळायला लागल्यापासून माझे एलईडी वाया जाणं जवळजवळ थांबलं.

सगळी कृती तीन सेकंदांत व्हायला हवी. एलईडी वेडावाकडा बसला, तरी तीन सेकंद झाले की थांबा. निवू द्या, मग नव्या फ्लक्ससह पुन्हा करा. आयर्न टेकवून ठेवून जागा नीट करत बसलात की एलईडीचं आवरण पिवळं पडतं आणि पॅड पीसीबीपासून सुटायला लागतं.

चिमटा काढल्यावर बाजूने, डोळे पीसीबीच्या पातळीत आणून पाहा. दोन्ही टोकं टेकली आहेत का? एक वर असेल तर चिमट्याची टोकं एलईडीच्या कडांवर हलकेच ठेवा, पहिल्या पॅडचं सोल्डर पुन्हा वितळवा, एलईडी आपोआप खाली बसेल. मग पुन्हा तोच क्रम, आयर्न आधी, चिमटा नंतर. सोल्डर गोठलेलं असताना एलईडी बोटाने दाबून किंवा ढकलून सरळ करू नका. पॅड तांब्यासकट उखडून हातात येतं.

या घडीला पहिली बाजू खडबडीत आणि कुरूप दिसेल. दिसू द्या. तिचं काम सध्या फक्त एलईडीला जागेवर धरून ठेवणं आहे.

दोन सल्ल्यांबद्दल बजावून सांगतो. एक, बिटावर सोल्डर घेऊन ते एलईडीपर्यंत नेणं. वाटेतच फ्लक्स जळतो आणि पोहोचतं ते करपलेलं सोल्डर. असं लावलेलं सोल्डर वरून चिकटल्यासारखं दिसतं आणि आठवड्याने ड्राय सोल्डर, म्हणजे आतून नीट न जुळलेला जोड, निघतं. दुसरा, एलईडी आधी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने चिकटवणं. गोंदाचा थर एलईडीला पॅडपासून वर उचलून धरतो, सोल्डर वितळल्यावर तो जागेवर सरकू शकत नाही, आणि तापलेल्या गोंदाचा धूर डोळ्यांना झोंबतो.

दुसरी बाजू

पाच-सात सेकंद निवू द्या. बिट पॅड आणि एलईडीचं टोक या दोघांना एकाच वेळी टेकवा, वायर लावा, सोल्डर पसरलं की वायर आधी काढा, मग आयर्न. एका-दीड सेकंदाचं काम आहे. मग पहिल्या बाजूला थोडा फ्लक्स लावून तीही एकदा वितळवा, लागलं तर किंचित नवं सोल्डर द्या. कुरूप दिसणारी ती बाजू आता गुळगुळीत होते.

तपासणी

भिंगातून पाहिलं तर पॅडपासून एलईडीच्या टोकावर चढत गेलेला, आत वळलेला उतार दिसायला हवा. बाहेर फुगलेला गोळा म्हणजे सोल्डर जास्त किंवा नुसतं टेकलेलं. आता पुन्हा डायोडच्या खुणेवर मल्टिमीटर लावा. प्रोब जोराने दाबल्यावरच एलईडी उजळतो आणि प्रोब नुसता टेकवल्यावर विझतो असं असेल तर ते ड्राय सोल्डर आहे. फ्लक्स लावा आणि ती बाजू परत वितळवा.

वीज जोडायची ती रेझिस्टरसकटच. ५ व्होल्टवर लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो, उरले ३. रेझिस्टर ३३० ओहमचा असेल तर प्रवाह सुमारे ९ मिलिअँपिअर होतो. एवढ्यावर लहान एलईडी स्वच्छ उजळतो. निळ्या-पांढऱ्याला २२० ओहम लावा.

फ्लक्स जुन्या ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, आवरणावर ब्रश घासू नका. ६३/३७ वायरमध्ये शिसं आहे, उठल्यावर हात साबणाने धुवा. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, धूर दिसतो तो फ्लक्सचा, पण तोही छातीत जाऊ देऊ नका. खिडकी उघडी ठेवा किंवा छोटा पंखा बाहेरच्या दिशेने लावा.

उलटा लागला तर

५ व्होल्टवर उलटा लागलेला एलईडी बहुधा जळत नाही, नुसता उजळत नाही. काढताना कंजूषी करू नका. दोन्ही बाजूंवर भरपूर सोल्डर घाला, एलईडीच्या अंगावरून दोन्ही गोळे एकत्र आले तरी चालेल. चपटं बिट आडवं टेकवलं की दोन्ही बाजू एकदम वितळतात आणि एलईडी बाजूला सरकतो. चिमट्याने ओढायचं नाही, तो तरंगायला लागला की मगच ढकलायचा. इतका तापलेला एलईडी पुन्हा वापरू नका, टाकून द्या. दोन्ही पॅड विकने अगदी सपाट करा, नवा एलईडी घ्या, मल्टिमीटरने त्याची बाजू पुन्हा तपासा, आणि एकाच पॅडवर सोल्डरचा पातळ थर देऊन पहिल्यापासून करा.