‘ओरिएंट एक्सप्रेस’च्या नव्या सिनेमावर मत लिहिताना

अगाथा ख्रिस्तींची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ ही रेल्वेगाडीतल्या खुनाची कादंबरी 1934 ची, सिडनी ल्युमेटचा सिनेमा 1974 चा, केनेथ ब्रानाचा 2017 चा. आधी कादंबरी वाचा. नवा सिनेमा पाहिल्यावर त्याच रात्री, जुना पुन्हा पाहण्याआधी, आपलं मत टिपून ठेवा. नाहीतर तुलनेत पहिली प्रतिक्रिया पुसली जाते.

मग वहीत दोन रकाने करा: ‘काय बदललं’ आणि ‘त्यानं काय बिघडलं किंवा साधलं’. उदाहरणार्थ, कादंबरीत गाडी बर्फात नुसती अडकते, 2017 मध्ये हिमलोट येऊन इंजिन रुळावरून घसरतं. कादंबरीतले डॉक्टर आणि कर्नल इथे एकच पात्र झालेत. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर ती तक्रार फक्त सवयीची. लेखात घेऊ नका. बहुतेक प्रतिक्रिया इथेच फसतात, गुप्तहेर पोइरोच्या मिशीवरच अडकतात.

पोइरो घेतो त्या प्रवाशांच्या जबान्या मात्र बारकाईनं पाहा. 1974 मध्ये अभिनेत्री इंग्रिड बर्गमनची जबानी एकाच लांब शॉटमध्ये आहे. कट नसल्यानं तिचा चाचरता चेहरा आपणच तपासतो. नव्या सिनेमातल्या जबान्यांत कट कुठे पडतो, ते मिनिटासह लिहा.

खुनी कोण, हे शीर्षकात किंवा पहिल्या परिच्छेदात कधीही नको.